तपासी अंमलदार लाच घेताना सापडला, आता तुमच्या केसचं काय?

‘फौजदार लाचलुचपतच्या जाळ्यात’ अशी बातमी आली की दुपारपर्यंत आमच्या वकीलसाहेबांच्या चेंबरमध्ये दोन जातीची माणसं येतात. एक हसत येतो, कधी कधी पेढे घेऊन: “माझा तपास यानंच केला होता, आता मी सुटलो.” दुसरी डोळे पुसत येते: “आमच्या माणसाच्या केसचा तपास याच्याकडे होता, आता आरोपी सुटणार.” दोघांनाही मी आधी बसवतो आणि सांगतो की तुमच्या केसमध्ये आज काहीही झालेलं नाही. जे होईल ते तुम्ही पुढच्या काही आठवड्यांत कुठले कागद मिळवता त्यावर ठरेल.

मी पोलीस खात्यातला माणूस. सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो, पण नोकरीचा मोठा भाग गेला तो ठाण्यात रायटर आणि मुद्देमाल कारकून म्हणून. दोषारोपपत्राची बाडं बांधण्यात हयात गेली. आता तीच बाडं वकिलांच्या बाजूने सोडवतो. खाली लिहिलंय ते या दोन्ही बाजूंनी पाहिलेलं आहे. वकिलाच्या सल्ल्याला ते पर्याय नाही, पण वकिलाकडे जाताना काय हातात घेऊन जायचं हे कळेल.

आधी कायद्याचा पाया. सुप्रीम कोर्टाने १९५४ मध्येच रिसबूड प्रकरणात सांगून ठेवलंय की तपासात बेकायदा काही झालं म्हणून खटला आपोआप रद्द होत नाही. त्यामुळे आरोपीवर प्रत्यक्ष अन्याय झाला हे दाखवावं लागतं. गंमत म्हणजे ती केसही भ्रष्टाचाराचीच होती, तपास योग्य दर्जाच्या अधिकाऱ्याने केला नाही एवढाच मुद्दा होता. पुढे २०२० मध्ये घटनापीठाने मुकेश सिंग प्रकरणात म्हटलं की फिर्यादी आणि तपास करणारा पोलीस एकच असला तरी तेवढ्यावर आरोपी सुटत नाही, पक्षपात झाला का ते प्रत्येक केसमध्ये वेगळं बघायचं. अमेरिकेत बाल्टिमोरच्या बंदुका शोधणाऱ्या पथकातले पोलीस २०१७ मध्ये पकडले गेले तेव्हा त्यांच्या हातून गेलेले शेकडो खटले सरकारी वकिलांनीच मागे घेतले. आपल्याकडे असा घाऊक हिशोब होत नाही. इथे प्रत्येकाने आपापली केस स्वतः लढायची.

मुंबईचं ताजं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. मुंबई पोलिसांतले सहायक निरीक्षक सचिन वाझे २००४ पासून निलंबित होते, जून २०२० मध्ये पुन्हा सेवेत आले, टीआरपी घोटाळ्यासारखे गाजलेले तपास त्यांच्याकडे गेले, १३ मार्च २०२१ ला एनआयएने त्यांना अटक केली आणि मे महिन्यात घटनेच्या कलम ३११ खाली बडतर्फी झाली. त्यांच्यावरचे आरोप कोर्टात सिद्ध व्हायचे आहेत. पण त्यांच्याकडचे तपास त्या अटकेने मिटले नाहीत, ते दुसऱ्या अधिकाऱ्यांकडे गेले. टीआरपीची केस पुढे मागे घेतली गेली, तीही २०२४ मध्ये, सरकारनेच अर्ज केल्यावर आणि कोर्टाने परवानगी दिल्यावर.

पेन्सिल घ्या आणि बाड उघडा

दोषारोपपत्राची प्रत नसेल तर आधी ती घ्या. नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा कायदा; पुढे नुसतं कलम लिहिलंय ते याचंच) कलम २३० प्रमाणे आरोपी हजर झाल्यापासून १४ दिवसांच्या आत ती फुकट द्यायची असते, आणि वकील लावलेला असेल तर पीडितालाही. आता एकेक कागद उलटा आणि कोपऱ्यात पेन्सिलीने लिहा: या कागदाला तपासी अंमलदाराशिवाय आणखी कुणाचा हात लागलाय?

डॉक्टरांचं जखम प्रमाणपत्र: डॉक्टर, दवाखान्याचं एमएलसी रजिस्टर (पोलीस केसच्या जखमींची नोंदवही). बँकेचा उतारा: बँक. दुकानाच्या कॅमेऱ्याचं फुटेज: दुकानदार, त्यासोबतचं साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र. कार्यकारी दंडाधिकाऱ्यांनी घेतलेला मृत्यूपूर्व जबाब: दंडाधिकारी. जखमी साक्षीदाराची कोर्टातली साक्ष: तो स्वतः. हे कागद साहेब दहा वेळा जाळ्यात सापडले तरी जागचे हलत नाहीत. सुप्रीम कोर्ट अशा वेळी तपासातला दोष बाजूला ठेवतं आणि उरलेला पुरावा स्वतःच्या पायावर उभा राहतो का ते बघतं. २०१० च्या मुनिअप्पन निकालात हेच आहे.

आता दुसरा गठ्ठा. ‘आरोपीने स्वखुशीने दाखवून दिलं’ म्हणणारा निवेदन पंचनामा. अंगझडतीत सापडलेली पुडी, कट्टा, कोयता. पोलिसांनी घेतलेले एकाच वळणाचे जबाब. ओळख परेड नसताना साक्षीदाराला ठाण्यातच पटलेली ओळख. यातलं जे फक्त साहेबांच्या शब्दावर उभं आहे तिथे कोपऱ्यात फुली मारा. तुमची केस या फुल्यांची आहे की पहिल्या गठ्ठ्याची, हे अर्ध्या तासात कळतं. फुल्या तीन-चारच असतील आणि पहिला गठ्ठा जाड असेल, तर पेढे परत न्या.

फुली मारली म्हणजे पंचनामा खोटा ठरला असंही नाही. तो खोटा आहे हे ज्यावरून दिसेल असा दुसरा कागद शोधायचा, आणि तो बहुतेक वेळा ठाण्यातच असतो. पथक निघालं की ठाणे डायरीत ‘रवाना’ची नोंद, आलं की ‘परत’ची. जीपला लॉगबुक असतं: किलोमीटर, वेळ, चालकाची सही. फिर्याद ऑनलाइन चढली की तिला वेळेचा शिक्का बसतो, तो मागे घेता येत नाही.

आमच्याकडे आलेली एक गावठी कट्ट्याची केस सांगतो. पंचनाम्याची वेळ रात्री दहा ते अकरा, जागा एसटी स्टँडच्या मागे. ठाणे डायरीची नक्कल मागवली तर पथक ठाण्यातून रवाना झाल्याची नोंद दहा चाळीसची. लॉगबुकात त्या रात्री गाडी स्टँडच्या उलट्या दिशेला, महामार्गावरच्या ढाब्यापर्यंत गेलेली. दोन पंचांपैकी एकाचं नाव त्याच ठाण्याच्या आणखी केसेसमध्येही पंच म्हणून होतं, तेही वेगवेगळ्या गावांतल्या. असे सराईत पंच प्रत्येक ठाण्याला असतात. वडापाववर सही करणारी माणसं. खटला चालू असताना तो फौजदार वेगळ्याच प्रकरणात लाच घेताना पकडला गेला. आरोपी सुटला. निकालपत्रात लाचेचा एक शब्द नाही, आहे ती दहा चाळीसची नोंद.

हे कागद मागायचे कसे? वकिलामार्फत कलम ९४ खाली अर्ज, ठाणे डायरीची तारीख आणि नोंद क्रमांकासह. ‘सर्व रेकॉर्ड मागवावे’ असा मोघम अर्ज केला की सरकारी वकील हरकत घेतात आणि कोर्ट तो नामंजूर करतं, बरोबरच करतं. जोडीला आणखी एक मागा: तपासात जमा केलेले पण दोषारोपपत्रात न वापरलेले जबाब, कागद आणि वस्तू यांची यादी. सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये ही यादी आरोपीला द्यायला सांगितलंय. पुष्कळ वकीलही ती मागत नाहीत. भ्रष्ट अधिकाऱ्याच्या केसमध्ये खरा माल तिथेच दडलेला असतो, कारण जो साक्षीदार अडचणीचा असतो त्याचा जबाब फाडून टाकण्यापेक्षा मागे ठेवणं सोपं.

केस डायरी, म्हणजे तपासी अंमलदाराची तपासाची रोजची नोंद, मात्र मागू नका, मिळणार नाही. साक्ष देताना अधिकाऱ्याने ती उघडून आठवण ताजी केली, किंवा कोर्टाने त्याला खोडून काढायला ती वापरली, तरच तेवढ्या भागापुरता प्रश्न येतो.

दोन गोष्टींना घाई करा. ठाण्यातल्या कॅमेऱ्यांचं फुटेज अठरा महिने जपावं, असा २०२० चा परमवीर सिंग सैनी निकाल आहे. प्रत्यक्षात कॅमेरा ‘बंद होता’ हे उत्तर तयार असतं. म्हणून फुटेज राखून ठेवण्याचा अर्ज लगेच द्या आणि पोच घ्या. मोबाईल कंपन्याही कॉलचा तपशील साधारण दोन वर्षं ठेवतात. साहेबांचा फोन पंचनाम्याच्या वेळी कुठल्या टॉवरवर होता हे कोर्टाला मागवता येतं, पण तीन वर्षांनी साक्षीच्या वेळी आठवण झाली तर मागवायला काही उरत नाही.

मुद्देमाल

हा माझा जुना विभाग, म्हणून जरा थांबतो.

जप्त केलेल्या पुडीला दोरा बांधतात, गाठीवर लाख ओततात, लाखेवर सील उठवतात. लेबलवर दोन पंच आणि तपासी अंमलदार यांच्या सह्या. मग ती पुडी मुद्देमाल कारकुनाकडे येते आणि रजिस्टरला चढते: गुन्हा क्रमांक, वर्णन, कुणी जमा केली, कधी. प्रयोगशाळेत जाताना पुन्हा नोंद: कुठला शिपाई घेऊन गेला, कुठल्या पत्रासोबत, परत कधी आला.

पहिला प्रश्न, जप्ती आणि जमा यांत किती वेळ गेला? रात्री जप्त केलेली पुडी तिसऱ्या दिवशी रजिस्टरला चढली असेल तर मधले दिवस ती कुणाच्या कपाटात होती? दुसरा, ज्या सीलने लाख उठवली ते सील नंतर कुणाकडे राहिलं? तपासी अंमलदाराच्या खिशातच राहिलं असेल तर पुडी उघडून पुन्हा बंद करायला काडेपेटी आणि लाखेची कांडी पुरते. तिसरा, सीए रिपोर्टात (रासायनिक प्रयोगशाळेच्या अहवालात) नोंदवलेला सीलचा ठसा आणि पंचनाम्यातला ठसा एकच आहे का? रिपोर्टाच्या पहिल्या परिच्छेदात पुडी कुठल्या अवस्थेत मिळाली ते लिहिलेलं असतं. लोक थेट शेवटचा निष्कर्ष वाचतात आणि तो परिच्छेद सोडून देतात.

वजनात फरक दिसला की लगेच उड्या मारू नका. ओला गांजा सुकतो, वजन उतरतं. पण वाढलेलं वजन सुकण्याने येत नाही.

अमली पदार्थांच्या केसमध्ये नमुने दंडाधिकाऱ्यांसमोर काढायचे असतात, अमली पदार्थ कायद्याचं (एनडीपीएस) कलम ५२अ. ते झालं नाही म्हणून खटला आपोआप पडत नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०२५ मध्ये स्पष्ट केलंय. पण ज्याच्या ताब्यात माल होता तोच अधिकारी लाचेत सापडलाय आणि दंडाधिकाऱ्यांसमोर नमुनाही काढलेला नाही, हे दोन्ही जोडून मांडलं की मुद्द्याला वजन येतं. गोव्यात २०१० साली अमली पदार्थविरोधी पथकातल्याच पोलिसांना अटक झाली, तेव्हा पोलिसांच्या ताब्यातला मालच विक्रेत्यांपर्यंत गेल्याचा आरोप होता. अशा वेळी त्या गोदामातली प्रत्येक पुडी प्रश्नात येते.

१ जुलै २०२४ नंतरच्या झडती-जप्तीचं चित्रीकरण बंधनकारक आहे, कलम १०५. ते दंडाधिकाऱ्यांकडे विनाविलंब पाठवायचं असतं. चित्रीकरण मागा. नसेल तर का नाही, हे साहेबांना उलटतपासात सांगू द्या.

उलटतपासात लाचेचा प्रश्न कसा विचारायचा

इथे बरेच जण घसरतात. वकील तावातावाने विचारतो, “तुम्हाला लाच घेताना पकडलं हे खरं ना?” साहेब म्हणतात, “मला खोटं अडकवलंय.” झालं, दार बंद. साक्ष अधिनियमाचं कलम १५६ असं सांगतं की साक्षीदाराचं चारित्र्य डागाळण्यापुरता विचारलेला प्रश्न आणि त्याचं उत्तर, यावर विरुद्ध पुरावा आणता येत नाही. अपवाद दोन. एक, पूर्वीची शिक्षा. सापळा म्हणजे शिक्षा नव्हे. सापळ्यापासून शिक्षेपर्यंत वर्षं जातात आणि कैक अधिकारी निर्दोष सुटतात. दुसरा अपवाद निःपक्षपातीपणाचा: या केसमध्ये त्याचा कल का होता असा प्रश्न विचारला आणि त्याने नाकारलं, तर त्याला खोडून काढणारा पुरावा आणता येतो.

म्हणून लाच तुमच्याच केसशी जोडता येते का ते आधी तपासा. पैसे तुमच्याकडून मागितले होते का? ‘कलम कमी करतो’, ‘जामिनाला विरोध करत नाही’, ‘नाव वगळतो’ असं म्हणून? की समोरच्या पार्टीकडून घेतले होते? तसं असेल तर सापळ्याची कागदपत्रं तुमच्या केसचा गाभा आहेत. वेगळ्याच प्रकरणातली लाच असेल तर तिचा उपयोग एवढाच की न्यायाधीश पंचनामे जरा बारकाईने वाचतील. तोही कमी नाही, पण त्यावर अख्खी केस टांगू नका.

सापळ्याची फिर्याद सहसा पोलिसांच्या वेबसाइटवर मिळते. दोषारोपपत्र दाखल झालं की विशेष न्यायालयात नकलेचा अर्ज करा; तुम्ही त्या केसमध्ये त्रयस्थ आहात, त्यामुळे नक्कल कशासाठी हवी ते कारण लिहावं लागतं. त्यात सगळ्यात मोलाचा कागद सापळा पंचनामा नाही. त्यात अँथ्रासीन लावलेल्या नोटा आणि दिव्याखाली चमकलेली बोटं, एवढंच. मोलाचा असतो पडताळणी पंचनामा. सापळ्याआधी लाचेची मागणी खरी आहे का हे बघायला रेकॉर्डर लावून केलेलं बोलणं त्यात शब्दशः असतं, आणि साहेब बोलण्याच्या भरात दुसऱ्या केसेसची नावंही घेतात. “त्याचं बघ, एवढे दिले, सुटला ना?” असं वाक्य आणि त्या ‘त्याची’ केस तुमची, असा योग विरळा, पण आलाय.

साहेबांची साक्ष ते पकडले जाण्याआधीच होऊन गेली असेल तर कलम ३४८ खाली पुन्हा बोलावण्याचा अर्ज करा. नेमके कुठले प्रश्न विचारायचे राहिले ते अर्जात लिहा, नाहीतर वेळकाढूपणा म्हणून नामंजूर होतो.

तुम्ही स्वतः पैसे दिले असतील तर ते वकिलाला पहिल्या भेटीत सांगा. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणं हाही गुन्हा आहे. जबरदस्तीने द्यावी लागली असेल आणि सात दिवसांत तक्रार केली असेल तर संरक्षण आहे. अजून मागणी चालूच असेल तर पैसे देऊ नका, लाचलुचपत खात्याच्या १०६४ ला फोन करा. घरी केलेलं रेकॉर्डिंग कापून-जोडून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नका. मूळ फोन तसाच ठेवा.

फिर्यादीच्या बाजूने असाल तर

या बाजूबद्दल कुणी लिहीत नाही, आणि नुकसान इथेच जास्त होतं. आरोपीकडून पैसे घेतलेला अधिकारी केस बंद करत नाही, ते डोळ्यावर येतं. तो ती पातळ करतो. लोखंडी पाइपचा मार जबाबात ‘हाताबुक्क्यांनी’ होतो आणि न्याय संहितेच्या कलम ११८ चं (हत्याराने दुखापत) प्रकरण ११५ वर (साधी दुखापत), म्हणजे अदखलपात्रावर येतं. शेजारचा साक्षीदार ‘घरी नव्हता’ होतो. हत्यार जप्त होतं, पण तपासणीला जात नाही. मग वर्ष-दीड वर्षाने बी समरी येते, म्हणजे फिर्यादच खोटी.

अशा एका बाईंच्या केसमध्ये आम्हाला ग्रामीण रुग्णालयातलं एमएलसी रजिस्टर कामाला आलं. रात्रपाळीच्या डॉक्टरने ‘कशाने मार लागला’ या रकान्यात स्वतःच्या हाताने ‘लोखंडी पाइप’ लिहिलं होतं, पोलीस तिथे पोचायच्या आधी. जबाब साहेबांनी लिहिला होता, रजिस्टर त्यांच्या हाती नव्हतं. त्या एका ओळीवर पुढचा तपास मिळाला.

साहेब निलंबित झाले की दप्तर नव्या अधिकाऱ्याकडे जातं. त्या पहिल्या आठवड्यात त्याला भेटा, पण लेखी अर्ज घेऊनच. अर्जात तीनच गोष्टी: कुणाचा जबाब राहिला, काय जप्त करायचं राहिलं, कुठला जबाब मी दिला तसा लिहिलेला नाही. एक प्रत अधीक्षक कार्यालयात द्या. ज्या साक्षीदाराचा जबाब फिरवला गेला असेल त्याचा जबाब कलम १८३ खाली दंडाधिकाऱ्यांसमोर घेण्याची मागणी करा; तो मग कुणाला बदलता येत नाही. दोषारोपपत्र गेलेलं असेल तरी कलम १९३(९) खाली पुढील तपास होऊ शकतो, खटला सुरू झाल्यावर कोर्टाच्या परवानगीने आणि नव्वद दिवसांच्या मुदतीत. संपूर्ण तपास पुसून नव्याने हवा असेल तर मात्र हायकोर्टात जावं लागतं. तो रस्ता महाग आहे, आणि सगळ्यांना त्याची गरज नसते.

बी समरी आली तर ती मान्य करण्याआधी तुमचं म्हणणं ऐकणं कोर्टाला भाग आहे, १९८५ च्या भगवंत सिंग निकालापासून. नोटीस घेऊन गप्प बसू नका. आणि खटल्यात बचावाचे वकील ‘तपासच भ्रष्ट’ म्हणू लागले तर तुमच्या वकिलाने कर्नेल सिंग, १९९५ पुढे करावं: तपास मुद्दाम बिघडवणाऱ्या अधिकाऱ्याच्या मनासारखं होऊ द्यायचं नाही, असं सुप्रीम कोर्टाचं त्यात म्हणणं आहे. सरकारी वकिलांच्या जोडीला तुमचा वकील उभा करता येतो, कोर्टाच्या परवानगीने.

माहितीच्या अधिकारात साहेबांची सर्व्हिस फाइल मागण्यात दोन्ही बाजूंनी वेळ घालवू नये. २०१२ च्या गिरीश देशपांडे निकालानंतर खात्याच्या नोटिसा, चौकशा, शिक्षा या ‘वैयक्तिक माहिती’त मोडतात, आणि उत्तर तेच छापील येतं.

आणि शेवटी तो माणूस येईल. साधारण सापळ्याच्या खटल्यात साक्षी लागायच्या सुमाराला. साहेबांचा जुना कलेक्शनवाला किंवा नात्यातला कुणी, चहाला बोलावील: “तिकडच्या केसमध्ये तुम्ही जरा ढिलं बोला, इकडचे कागद साहेब सांभाळून घेतील.” सापळ्यातला तक्रारदार आणि आमच्याकडचा आरोपी पुष्कळदा एकच असतो, म्हणून ही मांडवली निघते. चहा घेऊ नका. फितूर होऊन साहेब सुटतीलच असंही नाही. डिसेंबर २०२२ मध्ये घटनापीठाने सांगितलंय की तक्रारदार फिरला तरी लाचेची मागणी इतर पुराव्यावरून सिद्ध करता येते. उलटी शपथेवर खोटं बोलल्याची कारवाई तुमच्यावर, कलम ३७९ खाली. आलेल्या फोनचा नंबर, तारीख आणि बोललेले शब्द त्याच संध्याकाळी कागदावर उतरवा, दोन प्रती करा: एक लाचलुचपतच्या तपासी अधिकाऱ्याला, एक तुमच्या वकिलाला. दोन्हींवर पोच घ्या.